खिशात काही नसताना चारचौघांत जादू कशी दाखवायची?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, सांगलीत नोकरी. लग्नकार्यात, ऑफिसात डबा खाताना, मित्रांच्या कट्ट्यावर ऐनवेळी दाखवता येतील अशा दोन-चार जादू शिकायच्या आहेत. व्हिडिओ बघून आरशासमोर सगळं जमतं, पण चारचौघांत कुणीतरी ‘त्या हातात आहे’ म्हणतंच. बोटं जाड आहेत, हाताला घाम येतो. जादूचं किट घ्यावं का? आणि भाचा मागे लागलाय, त्याला शिकवावं का?

किट घेऊ नका, एवढं आधी सांगून मोकळा होतो. त्यातल्या प्लास्टिकच्या डब्या, लाल गोळे, दोन कप्प्यांचं पाकीट हे वाढदिवसाला पोरं रांगेत बसवून दाखवायला ठीक. चारचौघांत तसली डबी खिशातून निघाली की बघणारा डबीवरच संशय घेतो, आणि त्याचं काही चुकत नाही. तुम्हाला हवी आहे ती जादू समोरच्याच्या वस्तूवर होते. त्याचं नाणं, त्याच्या घरचा पत्त्यांचा कॅट, त्याच्या टेबलावरची यू-पिन, मधल्या ताटलीतले बेदाणे. वस्तू त्याची असली की निम्मा संशय तिथेच मिटतो.

आता ‘त्या हातात आहे’ हे का ऐकावं लागतं ते बघू. तुम्ही ‘बघा हं’ म्हणता, सगळ्यांच्या माना वळतात, आणि नेमकं त्याच क्षणी हात लपवाछपवी करायला लागतात. म्हणजे चोरी करायची ती दवंडी पिटून. मुरलेला माणूस काम आधी उरकून ठेवतो. तो ‘बघा हं’ म्हणतो तेव्हा त्याच्यापुरती जादू संपलेली असते, उरलेला असतो तो फक्त अभिनय. ऐनवेळच्या जादूचं सगळं मर्म मला विचाराल तर एवढंच आहे. पुढे जे प्रयोग सांगतोय ते याच चाळणीतून निवडलेत.

पहिला बेदाण्यांचा. सांगली-तासगावच्या घरात बेदाणे नाहीत असं सहसा होत नाही, त्यामुळे सामानाचा प्रश्न नाही. लोकांना दिसतं ते असं: टेबलावर तीन बेदाणे. दोन मुठीत गेले, तिसरा खिशात गेला. मूठ उघडली तर आत तीन.

खरे बेदाणे चार असतात. गप्पा मारता मारता ताटलीतून पाच-सहा उचला, एखाद-दुसरा तोंडात टाका, तीन समोर ठेवा. चौथा उजव्या हातातच राहू द्या, मधलं बोट आणि अनामिका यांच्या मुळाशी, बोटं सैल वाकवून. ताटलीतून कुणी किती उचलले हे कोणीही मोजत नाही, आणि अजून तुम्ही जादूचं नावही काढलेलं नाही. आता डावा तळहात पसरा. उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं पहिला बेदाणा उचलून त्यावर ठेवा. ‘एक.’ मूठ मिटा. दुसरा उचला, मूठ किंचित उघडून आत सोडा, आणि त्याच्याबरोबर लपवलेला चौथाही सोडा. ‘दोन.’ तिसरा उचला, ‘हा खिशात’ म्हणत हात खिशात घाला, पण बेदाणा तिथे सोडायचा नाही. बोटांच्या मुळाशी दाबून हात सहज बाहेर आणायचा. ‘हातात किती?’ ‘दोन.’ मूठ उघडा.

यातली गंमत लक्षात आली का? तीन बेदाणे पुन्हा टेबलावर आणि एक उजव्या हातात, म्हणजे तुम्ही आपोआप सुरुवातीच्या जागी येऊन उभे. दुसऱ्या फेरीची तयारी पहिल्या फेरीतच झाली. दुसऱ्यांदा मात्र स्वतःची मूठ वापरू नका. शेजारच्या काकूंना हात पुढे करायला सांगा, पहिला ठेवा, मग दुसरा त्या लपवलेल्यासकट ठेवा आणि लगेच त्यांची बोटं मिटवा. तिसरा या वेळी खरंच खिशात टाका. काकू स्वतःच्या हातानं मूठ उघडतात आणि आत तीन निघतात, तेव्हा जो आवाज होतो तो तुमच्या मुठीतून कधीच येणार नाही. इथे थांबायचं. हात रिकामे आहेत, खिसे कोणी तपासत नाही.

बेदाणेच का? एक तर ते मऊ. दोन नाणी एकदम टाकली की खणकतात आणि चोरी उघडी पडते; दोन बेदाणे एकमेकांवर पडले तरी चकार शब्द काढत नाहीत. शिवाय ते किंचित चिकट, त्यामुळे हात पालथा झाला तरी लपवलेला पडत नाही. खारे शेंगदाणे नकोत, मीठ आणि सालं हाताला लागतात. फुटाणे चालतात, पण ते घरंगळतात.

खरी मेख ‘दोन’ या शब्दापाशी आहे. तिथे तुमचे डोळे मुठीकडे असले तर सगळ्यांचे तिकडेच असणार. बेदाणा सोडता सोडता नजर टेबलावरच्या तिसऱ्याकडे गेली पाहिजे, ‘आणि हा तिसरा’ हे शब्दही तेव्हाच सुरू झाले पाहिजेत. तुम्ही जिकडे बघाल तिकडे लोक बघतात. तुम्ही स्वतःच्या हाताकडे चोरून बघितलंत की तेही तेच करतात. हात कितीही तरबेज असू द्या, डोळ्यांनी फितुरी केली की खेळ संपला.

फ्रान्सच्या रॉबेर-हूदँ यांचं एक वचन जादूगारांत प्रसिद्ध आहे. मूळचे घड्याळजी, आणि १९व्या शतकातले मोठे जादूगार. जादूगार म्हणजे जादूगाराची भूमिका करणारा नट, असं ते म्हणून गेले. सांगलीत हे फार समजावून सांगायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक पहिल्यांदा उभं केलं ते याच गावात, आणि इथला प्रेक्षक खोटा अभिनय लांबून ओळखतो. फरक एवढाच की नाटकात प्रेक्षक काळोखात आणि लांब. तुमचा प्रेक्षक हातभर अंतरावर, ट्यूबलाइटखाली, आणि तोंडात भडंग घालता घालता बोलतोय.

आता नाणं. नाणं गायब करायचा सगळ्यात जुना प्रकार म्हणजे डाव्या हाताच्या बोटांत धरलेलं नाणं उजव्या हातानं घेतल्यासारखं करायचं आणि डाव्यातच सोडायचं. तुम्ही व्हिडिओत हाच बघितला असणार, आणि पकडले जाताय तेही बहुधा यातच. कारण हाताचा वेग नव्हे. खोटं घेणं आणि खरं घेणं वेगवेगळं दिसतं म्हणून.

म्हणून आधी खोटं घ्यायचा सराव करूच नका. काही दिवस नाणं खरंच घ्या. डाव्यातून उजव्यात, पुन्हा डाव्यात. फोन समोर ठेवून रेकॉर्ड करा आणि बघा: खरं घेताना मूठ किती घट्ट होते (फारशी होत नाही), अंगठा कुठे जातो, रिकामा झालेला हात काय करतो. तो हात खाली पडतो, मांडीवर विसावतो, चहाचा कप उचलतो. मग खोटं घेताना हुबेहूब तेच करायचं. नवशिका रिकाम्या मुठीला नारळ धरल्यासारखं आवळतो आणि नाण्याचा हात पोटाशी कडक धरून ठेवतो. तिथेच लोक म्हणतात, ‘आरं, त्या हातात हाय की!’ आरशापेक्षा फोन बरा असं मी सांगतो त्यालाही कारण आहे. आरशात आपण नेमक्या चोरीच्या क्षणी डोळे मिचकावतो आणि ती जागा आपल्यालाच दिसत नाही. फोन डोळे मिचकावत नाही.

दुसरी गोष्ट, नाणं या हातातून त्या हातात का जातंय? विनाकारण वस्तू हलवली की माणसाला खटकतं. माझा उपाय पेनाचा. पेन आधीपासून डाव्या बाजूच्या खिशात ठेवायचं. नाणं उजव्या हातात ‘घेतलं’, कारण डाव्या हाताला खिशातलं पेन काढायचंय. डावा हात खिशात गेला, नाणं तिथेच सोडलं, पेन घेऊन बाहेर आला. पेन उजव्या मुठीवर टेकवलं, मूठ एकेक बोट करत उघडली. आता दोन्ही हात उघडे करून दाखवता येतात. नाण्याची गरज संपायच्या आधीच त्याची सोय लागलेली आहे.

कोणतं नाणं म्हणाल तर १० रुपयांचं. २७ मिलिमीटर व्यास, लांबूनही दिसतं आणि बोटांच्या मुळाशी नीट बसतं. ५ रुपयांचं जुनं जाड पांढरं नाणं मिळालं तर सरावाला उत्तम. २३ मिलिमीटरचंच, पण ९ ग्रॅम वजनाचं, त्यामुळे हाताला ते आहे याचं सारखं भान राहतं. एक रुपयाच्या नाण्यावर शिकू नका, ते फार हलकं आणि बारीक.

सरावासाठी वेगळा वेळ काढायचीही गरज नाही. नाणं बोटांच्या मुळाशी ठेवा आणि त्याच हातानं दिवसाची कामं करा. दार उघडा, फोन उचला, सही करा, एसटीत दांडा धरा. सुरुवातीला सारखं पडेल, मांजर आल्यासारखी बायको दचकेल. पण हातात काहीतरी लपवलेलं असताना हात साधा दिसणं, हे एकच कौशल्य ऐनवेळच्या निम्म्या जादूंना पुरतं.

पत्त्यांच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. ते २१ पत्ते तीन ओळींत लावून ‘तुमचा पत्ता कोणत्या ओळीत’ विचारायची जादू करू नका. ती बरोबर चालते, पण ती सगळ्यांना येते, आणि तिसऱ्यांदा पत्ते मांडेपर्यंत लोक जांभया देतात. त्याऐवजी खुणेचा पत्ता शिका. कुणाच्याही घरच्या, मेंढीकोट खेळून मऊ पडलेल्या, दोन पत्ते हरवलेल्या कॅटवर हे चालतं.

समोरच्याला मनसोक्त पिसू द्या. कॅट परत घेताना तो टेबलावर आपटून नीट लावायचा, आणि त्या वेळी सगळ्यात खालचा पत्ता ओझरता बघायचा. समजा किलवरची राणी. इथेही चोरी आधीच उरकली, कारण लोकांच्या लेखी अजून काही सुरूच झालेलं नाही. आता कॅट पसरून त्याला एक पत्ता काढायला सांगा, सगळ्यांना दाखवायला सांगा. तो पत्ता कॅटवर सर्वात वर ठेवायचा, मग त्यालाच कॅट कापायला सांगा, खालचा भाग वर. किलवरची राणी बरोबर त्याच्या पत्त्याच्या डोक्यावर बसली. आणखी दोघांना कापू द्या, काही बिघडत नाही. कापण्यानं क्रम मोडत नाही, तो नुसता फिरतो. फक्त पिसू द्यायचं नाही. वरून एकेक पत्ता उलटा करत चला, राणी आली की पुढचा त्याचा. क्वचित त्याचाच पत्ता पहिला निघतो आणि राणी शेवटी तळाशी असते. म्हणून पहिला पत्ता ध्यानात ठेवायचा आणि चेहरा हलू द्यायचा नाही.

यात एक खोडसाळ शेवट आहे. त्याचा पत्ता आला तरी थांबायचं नाही, आणखी तीन-चार पत्ते उलटे करायचे. लोक एकमेकांना कोपरं मारायला लागतात. मग म्हणायचं, ‘आता मी जो पत्ता उलटा करीन तो तुमचा. चहा लावता?’ तो हसत लावतो, कारण त्याचा पत्ता मघाशीच टेबलावर उघडा पडलाय. तुम्ही हात कॅटकडे न नेता टेबलावरचा तो उघडा पत्ता उचलून पालथा करता. मित्रांत हे झकास चालतं. सासऱ्यांसमोर किंवा साहेबांसमोर करू नका. तिथे माणूस हसतो, पण आपल्याला बनवलं हे त्याच्या ध्यानात राहतं.

ऑफिसात एक नोट आणि दोन यू-पिना पुरेत. नोट इंग्रजी झेडसारखी तीन घड्यांत दुमडा. एक पिन पहिल्या दोन पदरांना लावा, दुसरी दुसऱ्या बाजूनं उरलेल्या पदराला मधल्या पदरासकट लावा, आणि नोटेची दोन्ही टोकं झटकन ओढा. पिना एकमेकींत अडकून उडतात. यात चोरी काहीच नाही, वस्तूच तशी वागते. नोट मात्र कोरी आणि कडक घ्या, फाटकी ओढली तर जादू तिथेच आणि नोटेचे पैसेही तिथेच.

फोनवरचं गणितही हाताशी असू द्या. तीन आकडी संख्या धरायला सांगा, पहिला आणि शेवटचा अंक यांत किमान दोनचा फरक हवा. समजा ७४२. उलटी केली २४७, मोठीतून छोटी वजा केली ४९५, ती उलटी करून मिळवली, ४९५ अधिक ५९४, आलं १०८९. कोणतीही संख्या घ्या, १०८९च येतं. म्हणून तास-दोन तास आधी गप्पांत बसलेल्या एकाला मेसेज पाठवून ठेवा, ‘१०८९. हे का पाठवलं ते संध्याकाळी सांगतो.’ तो विसरूनही जातो. उत्तर आल्यावर त्याला त्याचाच फोन उघडायला सांगा. एका बैठकीत हे एकदाच.

‘परत एकदा दाखव की’ ही मागणी हमखास येते, आणि ती ऐकून पाघळायचं नाही. दुसऱ्यांदा लोकांना शेवट माहीत असतो, त्यामुळे ते बरोबर जागेवर बघतात. मात्र हे ‘तीच जादू त्याच पद्धतीनं पुन्हा नाही’ असं वाचा. १९२२ साली शिकागोत डाय व्हर्नन या जादूगारानं खुद्द हुडिनीला पत्त्याची एकच जादू पुन्हापुन्हा दाखवली, आणि हुडिनीला ती शेवटपर्यंत उलगडली नाही. पत्ता मध्ये घातला की वर येतो, एवढंच दिसायचं. बेदाण्यांची दुसरी फेरी दुसऱ्याच्या मुठीत करा असं मी म्हणालो ते याच हिशेबानं.

आणि कुणी ‘त्या हातात आहे’ म्हणालाच तर? हात उघडा, नाणं त्याच्या हातात द्या, ‘तुमची नजर तेज’ म्हणा आणि बेदाण्यांकडे वळा. वाद घातलात, हात मागे नेलात, की पुढचा अर्धा तास सगळे पोलीस होतात.

वेळ आणि जागा यांचं थोडं. लग्नात पंगत बसलेली असताना नाही, हात खरकटे असतात. जेवणं झाल्यावर, वऱ्हाडाची गाडी यायला उशीर आहे, खुर्च्या गोल फिरवून गप्पा चालल्यात, तेव्हा. विषय आपोआप यावा. बेदाणे खाताना बेदाण्यांची, सुट्ट्यांवरून कुरबूर चालली असताना नाण्याची. पाठीमागे कोणी उभं राहणार नाही अशी भिंत बघून बसा. लहान मुलं खाली जमिनीवर बसली असतील तर बोटांखालून त्यांना सगळं दिसतं, आणि मुलं तुमच्या डोळ्यांकडे बघतही नाहीत, थेट हाताकडे बघतात. मोठ्यांना चकवणं सोपं, सहा वर्षांच्या पोरीला अवघड. पिऊन बसलेल्यांसमोर काहीच काढू नका.

उसन्या वस्तूत सोनं नको. अंगठी, साखळी, मंगळसूत्र यांना हात लावायचा नाही. हसत देतील, पण वस्तू दिसेनाशी झाली की त्यांचं लक्ष जादूवर राहत नाही.

आणखी एक, हे गंभीरपणे. खेड्याकडच्या कार्यक्रमात कधी एखादी म्हातारी बाजूला घेऊन विचारते, ‘बाबा, माझ्या पोराचं काय बघता येईल का?’ तिथे लगेच आणि स्पष्ट सांगायचं की ही हातचलाखी आहे, सरावानं येते, माझ्याकडे काही शक्ती नाही. शेजारच्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हेच केलं, चमत्कार करून दाखवायचे आणि मागची युक्ती समजावायची. २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि चमत्काराच्या नावाखाली फसवून पैसे उकळणं गुन्हा आहे. करमणुकीच्या जादूला त्यानं काही बाधा येत नाही. बाधा येते ती तुम्ही गूढ चेहरा करून गप्प राहिलात तर. गुपित सांगू नका, पण ते गुपित आहे हे जरूर सांगा.

जाड बोटांचं म्हणाल तर उलट बरं. बारीक बोटांना फटी पडतात आणि मागून लपवलेलं चमकतं. तुमची बोटं मिटली की पडदा. घामाचंही तसंच, किंचित ओलसर हाताला नाणं धरून राहतं. खरी अडचण थंडीत कोरड्या पडलेल्या हातांची असते. फार घाम असेल तेव्हा पत्ते चिकटतात, त्या दिवशी रुमाल जवळ ठेवा आणि बेदाण्यांवर भागवा.

राहिला भाचा. शिकवा, पण लगेच नाही. त्याच्या हातात १० रुपयांचं नाणं द्या आणि संध्याकाळभर ते बोटांच्या मुळाशी लपवून जेवण, अभ्यास, टीव्ही सगळं करायला सांगा, आईला पत्ता लागता कामा नये. टिकला तर बेदाणे शिकवा. नाही टिकला तर त्याला १०८९ देऊन टाका, तेवढ्यावर तो वर्गात आठवडाभर भाव खाईल.